शेरा

रविवारी साडेसहाला कळंबा तलावाच्या बांधावर
मी आधी तारीख घालतो. मग वेळ. मग वारा कुठनं.
बाकीचे सहा दिवस हेच हात
मंगळवार पेठेत, जरगनगरात
लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटरचे आकडे टिपतात.
सातव्या दिवशी पाण्यावरचे.

वही आखलीय कचेरीच्याच पट्टीनं :
नाव, संख्या, कुठे, काय करत होतं,
आणि कडेला एक अरुंद रकाना, शेरा.

टिबुकल्या : अकरा, नऊ, बारा.
सारख्या बुड्या मारतात. तिन्ही आकडे लिहिले.
हळदी-कुंकू बदक, जोडी. मादी पुढं.
शेकाटे पाच, स्वतःच्या पायांवर विश्वास नसल्यासारखे.
काठानं बेशरम फुललीय. ती मी मोजत नाही.
का मोजत नाही, तेही कुठंतरी लिहायला हवं.
पाणकणसात काहीतरी. दिसलं नाही.
आवाज : ओल्या फळीवर नख ओढावं तसा.
नाव : —

दस्तगीर मुजावर ट्यूबवर बसून जाळं सोडतात,
जाता जाता विचारतात,
'काय मोजतंयस रं एवढं? बिल कुणाच्या नावानं काढणार?'
वीस वर्षं हाच विनोद. वीस वर्षं मी हसतो.
पण त्या लांब चोचीच्या तपकिरी पाहुण्याला
पुस्तकात बघून मी काय नाव घातलं, ते ऐकून म्हणाले,
'आमच्यात त्याला उशिऱ्या म्हणत्यात.
सगळी येऊन बसली की मग येतंय.'
शेऱ्यात लिहिलं : उशिऱ्या. सांगणार, द. मुजावर.

नोकरीत पहिल्याच दिवशी साळोखेसाहेबांनी शिकवलेलं :
दाराला कुलूप असलं तर कुलूप लिहायचं.
आत फ्रीज घुमत असू दे, पंखा फिरत असू दे,
आपण आकडा बघितला नाही.
सरासरी टाकणारा माणूस
हळूहळू घरी बसून गावभर हिंडायला लागतो.

मी टाकलीय सरासरी.
सतरा जानेवारी. थंडी होती.
पोरीला ताप होता असं मी सांगायचो, तो नव्हता.
गोधडीतनं एक हात बाहेर काढून लिहिलं :
चांदवे, चाळीस.
चाळीस!
पाण्यावर गोल आकडा बसलेला
मी आजवर बघितलेला नाही.

चार वर्षांनी विद्यापीठातनं शलाका आवटी आली,
एकेक पान मोबाइलमध्ये घेत, ओठांनी वाचत.
सतरा जानेवारीला थांबली.
'त्या हिवाळ्यात सगळीकडे कमी झालेले काका,
आणि इथं चाळीस?'
तिचा चेहरा असा उजळला
की मला तो आकडा खरा व्हावासा वाटला.

'त्या दिवशी कुलूप होतं,' मी म्हणालो.
'तलावाला?'
ती हसली. दस्तगीरभाई लांबनं बघत होते.

खोडायचं ते एकाच रेघेनं,
खालचं वाचता आलं पाहिजे, हाही साहेबांचाच नियम.
रेघ मारली. सही. आजची तारीख.
शेरा : मी आलो नव्हतो.

त्या पानाचा फोटो तिनं पुन्हा घेतला. काही बोलली नाही.
मग आम्ही दोघं बांधावर उकिडवे बसून मोजायला लागलो,
कपाळावर पांढरा टिळा, अंगभर काजळी,
तिचे सहा भरले, माझे सात.
सातवा कुठाय दाखवा, म्हणाली.
दाखवायला गेलो तर बोटाच्या टोकाला
नुसतं हलणारं पाणी.
दोन्ही लिहा, म्हणालो. तुमचं नाव सहापुढे घाला.

तेवढ्यात पाणकणसातनं तोच आवाज.
तिनं माझ्याकडे बघितलं.
मी टोपण काढलं,
वेळ घातली, सात बावन्न,
आणि नावाच्या जागी
मागच्या वेळेपेक्षा जरा लांब रेघ ओढली.